पावसांतील ओढा : रानांतून चालणारांसाठीं एक पाठ



मृगाचा पाऊस सुरू झाला कीं सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्या आपल्यापैकीं पुष्कळांची वाट ओढ्याच्या सोबतीनें जाऊं लागते. उन्हाळ्यांत ज्या ठिकाणीं नुसते दगड पडलेले असतात, तेथें आतां पाणी असतें. आणि वाडीवरून वाडीवर जाणाऱ्या शिक्षकाला, आठवड्याच्या बाजारास निघालेल्या बायकांना, शाळेंत जाणाऱ्या मुलांना तें कोठें तरी ओलांडावेंच लागतें. असें असूनही ओढ्याची ओळख करून घेण्याचा प्रयत्न आपण फारसा करीत नाहीं. पाणी थोडें आहे कीं फार, एवढेंच पाहतों आणि पाय घालतों. प्रस्तुत पाठांत एका रानांतील ओढ्याच्या कांठानें, भर पावसांत, उगमाकडे चालत जावयाचें आहे, आणि पाणी ज्या खुणा देतें त्या वाचावयास शिकावयाचें आहे.

या पाठासाठीं आंबोलीहून चांगलें ठिकाण सांपडणें कठीण. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, सावंतवाडीहून बेळगांवकडे जाणारा रस्ता दाणोली मागें टाकून घाट चढतो, आणि माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवर, हें गांव लागतें. अरबी समुद्रावरून येणारे ढग येथें डोंगराच्या भिंतीला अडतात, वर चढतां चढतां थंड होतात आणि रिकामे होतात. वर्षाचा पाऊस सरासरीनें ७,००० मिलिमीटरांच्या आसपास. पुणें शहरास वर्षभरांत मिळतो त्याच्या नऊ-दहा पट. आणि हा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो.

येथें पाण्याची वाटणी होते, तीही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. घाटाच्या कड्यावरून पश्चिमेकडे उडी घेणारें पाणी कोंकणांत उतरून अरबी समुद्रास मिळतें, आणि तो समुद्र सरळ अंतरानें पन्नास किलोमीटरही दूर नाहीं. परंतु त्याच माथ्यावर पलीकडे पडलेला थेंब हिरण्यकेशीच्या ओघांत सांपडला कीं त्याला फार लांबचा प्रवास घडतो. आजरें, गडहिंग्लज या गांवांवरून ती नदी पूर्वेकडे जाते, बेळगांव जिल्ह्यांत घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेंत जाते, आणि कृष्णा आंध्र प्रदेशांत बंगालच्या उपसागरास मिळते. आपण ज्या ओढ्याच्या कांठानें चालणार आहों तो या दुसऱ्या बाजूचा, हिरण्यकेशीच्या उगमाजवळील रानांतला.

निघण्यापूर्वीं थोडी तयारी करावी. छत्री घेऊं नये. रानांत ती फांद्यांना अडकते, आणि एक हात कायमचा तिच्यांत गुंतून राहतो. इरलें किंवा घोंगडीची खोळ बरी, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. छातीइतकी उंच, न वांकणारी काठी प्रत्येकाजवळ असावी. एक शिटी असावी, कारण वाहत्या पाण्याच्या आवाजांत वीस पावलांवरील माणसाची हांक ऐकूं येत नाहीं. सकाळीं लवकर निघावें आणि केव्हां परत येणार हें वाडींतल्या कोणास तरी सांगून ठेवावें. पायांत जें कांहीं घालाल तें घट्ट असावें. शेवाळलेल्या दगडावर सैल वहाण ही पायाची वैरीण होय. पायाला जखम असेल तर ती नीट झांकावी. कोंकणपट्टींत लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप पावसाळ्यांत होतो. उंदीर-घुशींच्या व गुरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून त्याचे जंतु जखमेवाटे शरीरांत शिरतात. रानांतल्या वाहत्या पाण्यापेक्षां गांवाजवळच्या डबक्यांत आणि भातखाचरांत हा धोका अधिक.

रानांत पाऊल टाकतांच जळवा स्वागतास येतात. कित्येक लोक त्यांना साप-विंचवांपेक्षांही अधिक भितात, आणि हें भय व्यर्थ आहे. जळू दुखवीत नाहीं. चावतांना ती रक्त गोठूं न देणारा रस जखमेंत सोडते. म्हणूनच ती सुटून गेल्यावरही रक्त बराच वेळ वाहतें आणि माणूस घाबरतो. तिला ओढून काढूं नये. तिच्या निमुळत्या टोकाखालीं नख सरकवावें, तें सुटलें कीं दुसरें टोकही तसेंच सोडवावें, आणि जखम धुऊन फडक्यानें दाबून धरावी. निघण्यापूर्वीं पायांना तंबाखूचें पाणी लावण्याची जुनी रीत चांगली आहे.

सापाविषयीं मात्र एक सूचना मनावर घ्यावी. ओढ्याकांठच्या झुडुपांत चापडा हा विषारी साप पावसाळ्यांत फांदीवर वेटोळें घालून तासन् तास निश्चल बसतो. त्याच्या हिरव्या, तपकिरी, पिवळसर अशा छटा असतात आणि तो पानांशीं इतका मिळून जातो कीं हातभर अंतरावरूनही दिसत नाहीं. तो पाठलाग करीत नाहीं. आपणच चढतांना आधारासाठीं फांदी धरतों आणि हात त्याच्यावर पडतो. म्हणून कोणतीही फांदी आधीं पहावी, काठीनें हलवावी, मग धरावी. दंश झालाच तर जखम चिरूं नये, दोरी आवळूं नये. तो अवयव शक्य तितका स्थिर ठेवून माणसास रुग्णालयांत न्यावें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं.

उघड्या माळावर पाऊस जसा पडतो, तसा तो रानांत पडत नाहीं. आंबोलीच्या रानांत जांभूळ, अंजनी, पिसा अशीं सदाहरित झाडें दाटीनें वाढतात. वरच्या पानांवर पडलेली सर तेथेंच मोडते. कांहीं पाणी पानांवरच राहून पुन्हां वाफेच्या रूपानें निघून जातें. कांहीं पानांच्या निमुळत्या टोकांवरून गळतें. कांहीं फांदीवरून बुंध्याकडे व बुंध्यावरून मुळांकडे ओघळतें. पाऊस थांबल्यावर थोडा वेळ उभे रहा. आकाश मोकळें झालेलें असतें, परंतु रान गळतच असतें, जशा घराच्या पागोळ्या सर ओसरल्यावरही चालू राहतात.

पानें पावसाचा मार मोडतात आणि म्हणून माती वाचते असें पुष्कळांना वाटतें. तें अर्धेंच खरें आहे. उंच झाडाच्या पानांवर पाणी जमून जे थेंब पडतात ते पावसाच्या थेंबांहून मोठे असतात, आणि उघड्या मातीवर पडले तर तिला अधिकच खणतात. मातीला खरें वांचविणारा आहे तो खालचा पालापाचोळा. त्या कुजत्या थरावर थेंब आपटतो आणि त्याचें बळ संपतें. त्याखालीं किडे, गांडुळें आणि कुजलेलीं मुळें यांनीं केलेल्या असंख्य वाटा असतात, त्यांतून पाणी जमिनींत उतरतें. सारांश, रान पाण्याला उशीर करतें. आपल्या सर्व पाठाचें बीज या एका गोष्टींत आहे.

मुलांना हें तोंडानें सांगूं नये, करून दाखवावें. एक लिटरचा लोटा भरून घ्या आणि उतारावरच्या तुडवलेल्या पाऊलवाटेवर ओता. लोटा रिकामा होण्यापूर्वींच पाणी खालीं धांवूं लागेल आणि त्याचा रंग लाल होईल. तोच लोटा दहा पावलें रानांत जाऊन पालापाचोळ्यावर ओता, आणि पाणी दिसेनासें होईपर्यंत मोठ्यानें अंक मोजा. हा प्रयोग ज्येष्ठांत करा आणि पुन्हां आषाढाच्या शेवटीं करा. आषाढांत अंक जास्त मोजावे लागतील, कारण जमीन भरलेली असते. भरलेला हंडा आणखी पाणी घेत नाहीं. यावरून हेंही समजेल कीं रान सगळे पूर अडवितें असें म्हणणें अतिशयोक्तीचें आहे. तें पुराला उशीर करतें, त्याचा माथा खालीं आणतें. परंतु महिनाभर झड लागून जमीन तुडुंब झाल्यावर एखादी मोठी सर आली तर रानांतला ओढाही चवताळतो.

पालापाचोळ्याचा प्रश्न निघालाच आहे तर आणखी एक शब्द. भाताच्या रोपासाठीं राब भाजण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे, आणि त्यासाठीं पाला लागतो हें खरें. परंतु तो बांधावरच्या झाडांचा घ्यावा. ओढ्याच्या दोन्ही कांठांवरचा पाला झाडून नेणें म्हणजे आपल्याच उताराचें कुलूप काढून ठेवणें होय.

ओढ्याच्या कांठानें वर जातांना त्याला मिळणारे लहान ओहोळ पहात चला. या ठिकाणीं दोन रंगांचें पाणी एकत्र येतांना दिसेल. दाट रानांतून येणारा ओहोळ भर पावसांतही बहुधा स्वच्छ असतो, फार तर चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा पिंगट. तो रंग कुजलेल्या पानांचा. रस्त्याच्या कडेनें, नव्या खणलेल्या जागेवरून किंवा तोडलेल्या उतारावरून येणारा ओहोळ तांबडा असतो. तो रंग मातीचा. ज्या मातीचा एक बोटभर थर बनावयास शेंकडों वर्षें लागतात, ती एका दुपारीं अशी वाहून जाते.

तिसऱ्या प्रकारचा ओहोळही आंबोलीच्या भागांत आहे, आणि तो सर्वांत फसवा. डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचे मोठे सडे आहेत. त्यांच्यावर माती जेमतेम दोन-चार बोटें, कित्येक ठिकाणीं तीही नाहीं. सड्यावर पडलेलें पाणी थांबत नाहीं, आणि मातीच नसल्यामुळें तें लालही होत नाहीं. स्वच्छ पाणी पाहून माणूस निश्चिंत होतो, आणि तेंच पाणी सर पडतांच हां हां म्हणतां फुगतें. यास्तव अनोळखी ओढा ओलांडण्यापूर्वीं नुसतें पाणी न पाहतां वर मान करून पहावें कीं हें पाणी कोठून येतें : रानांतून, उघड्या उतारावरून, कीं सड्यावरून?

ओढा किती लवकर वाढूं शकतो याची कल्पना येण्यासाठीं थोडा हिशेब करूं. एक हेक्टर, म्हणजे सुमारें अडीच एकर, जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तें पाणी १०,००० लिटर भरतें. त्याचें वजन १० टन. १०० मिलिमीटर पडला तर १,००० टन. लहानशा ओढ्याचें खोरेंही सहज एक चौरस किलोमीटर, म्हणजे १०० हेक्टर असतें. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख टन पाणी! एका बैलगाडीवर एक टन भार धरला तर एक लाख गाड्या. आंबोलींत एका दिवसांत एवढा पाऊस पडणें ही नवलाची गोष्ट नाहीं. हें सारें पाणी अखेरीस त्याच वाटेनें जावयाचें, जी आपण चार उड्यांत ओलांडतों. तें दोन दिवसांत सावकाश गेलें तर ओढा भरून वाहतो. एका तासांत गेलें तर मनुष्याचा नाश होतो. दोन दिवस कीं एक तास, हें बऱ्याच अंशीं वरच्या रानावर अवलंबून आहे.

शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा धक्का दुप्पट नव्हे, चौपट होतो. आणि वेग दुप्पट झाल्यावर तें जेवढा दगड लोटूं शकतें त्याचें वजन तर चौसष्ट पटींपर्यंत वाढतें, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. काल जो दगड पायरीसारखा पक्का होता तो आज जागेवर नसतो, याचें कारण हेंच. वेगानें वाहणारें पाणी गुडघ्यापर्यंतही असावें लागत नाहीं. घोट्याच्या वर आलें तरी तें माणसाचे पाय उचलतें. "एवढेंसें तर पाणी!" या शब्दांनीं किती जीव घेतले असतील, देव जाणे.

ता. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याजवळ, भुशी धरणाच्या मागच्या बाजूस असलेल्या धबधब्यांत, एका कुटुंबांतील माणसें पाण्याच्या मध्यावरील खडकावर उभीं होतीं. पाणी चढलें. तीं सर्व एकमेकांस मिठी मारून उभीं राहिलीं, आणि कांठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत लोंढ्यानें त्यांना खालीं नेलें. पांच जण मृत्यु पावले, त्यांत लहान मुलें होतीं. तीं माणसें कांहीं अविचारी नव्हतीं. सहलीस आलेल्या कोणाही कुटुंबासारखीं होतीं. ज्या वेळीं तीं खडकावर गेलीं त्या वेळीं पाणी बेताचेंच होतें. प्रवाहाच्या मध्यें उभ्या राहणाऱ्या माणसास सुटकेची वाट राहत नाहीं.

आतां पाणी वाढूं लागल्याच्या खुणा सांगतों. स्वच्छ पाणी गढूळ होऊं लागणें ही पहिली. पाण्यावर हिरवीं पानें, ताज्या मोडलेल्या काटक्या, शेणगोळे वाहत येऊं लागणें ही दुसरी. सुकीं पानें नेहमींच वाहतात, त्यांची गोष्ट निराळी. फेंस वाढणें ही तिसरी. चौथी खूण कानाची आहे : ओढ्याचा आवाज एकाएकीं खोल होतो, आणि त्यांत दगडांवर दगड आपटल्याचा ठक् ठक् असा नाद मिसळतो. पांचवी, जी पुष्कळांना ठाऊक असून विसरते, ती ही कीं आपल्या डोक्यावर ऊन पडलें असलें तरी वरच्या डोंगरावर काळें झालेलें असूं शकतें. यांपैकीं एक खूण दिसली तरी पात्र सोडावें व चढावर जावें. ओढ्याच्या वाटेनें खालीं पळूं नये; पाणी आपल्याहून जोरानें पळतें. बाजूला, वर चढावें.

याहूनही सोपा एक उपाय आहे. ओढ्याजवळ बसावयाचें झालें तर प्रथम पाण्याच्या कडेला एक काटकी रोवावी. ती कोरडी आहे कीं बुडाली, हें पाहण्याचें काम एका मुलाला द्यावें. मुलें हें काम मोठ्यांपेक्षां चोख करतात, कारण मोठे गप्पांत गुंततात.

ओलांडणें अगदीं अटळ असेल तर जागा निवडावी. ओढा जेथें अरुंद दिसतो तेथें मोह होतो, परंतु तेथेंच तो खोल व वेगवान् असतो. जेथें तो पसरट आहे, तळ दिसतो, आणि खालच्या अंगास धबधबा, कोंड किंवा आडवें पडलेलें झाड नाहीं, तोच खरा उतार. पाठीवरचें ओझें असें ठेवावें कीं एका झटक्यांत टाकतां यावें. तोंड प्रवाहाकडे करावें, काठी समोर वरच्या अंगास रोवावी, आणि एका वेळीं एकच पाय हलवावा. तीन-चार जण असतील तर एकमेकांचे खांदे धरून, सर्वांत भक्कम माणसास वरच्या अंगास ठेवून जावें. कोणी वाहून गेलाच तर त्यानें उभें राहण्याची धडपड करूं नये, कारण दगडांत पाय अडकला तर पाणी त्याला वांकवून बुडवितें. उताणें होऊन, पाय पुढें करून, तिरपें कांठाकडे सरकावें. आणि साकव असेल तर अर्धा कोस वळसा पडला तरी साकवावरूनच जावें. मात्र पाणी साकवावरून वाहत असेल तर तोही साकव नव्हे.

सर्वांत उत्तम उपाय मात्र थांबण्याचा. लहान ओढा जसा लवकर चढतो तसा लवकर उतरतो. पाऊस थांबल्यावर कित्येकदां दोन-तीन तासांतच वाट मोकळी होते. ज्याच्या हातून एखादें काम खोळंबेल त्याला हे दोन-तीन तास फार वाटतात. सभा असो, शाळा असो कीं बाजार असो, थांबलेल्या माणसास कोणी दोष देऊं नये. उलट जो असें पाणी ओलांडून वेळेवर येऊन पोंचला त्याची वाहवा करण्याची जी आपली रीत आहे ती सोडावी. ती वाहवा ऐकून पुढच्या वेळीं दुसरा कोणी तरी पाय घालतो.

या पाण्याच्या रागाची ओळख रानांतल्या जीवांना आपल्याहून चांगली आहे. ओढ्यावर ओणवलेल्या फांद्यांकडे पहा. पानांमध्यें मुठीएवढा पांढरा फेंस चिकटलेला दिसेल. तें मलबारी उडत्या बेडकाचें घरटें. हा हिरवा बेडूक आपल्या पायांच्या बोटांमधील पडदे पसरून एका झाडावरून दुसऱ्याकडे तरंगत जातो. त्याची मादी अंडीं पाण्यांत न घालतां पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत, फेंसांत घालते. पिलें झालीं म्हणजे तीं खालच्या पाण्यांत टपकतात. सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणाऱ्या दुसऱ्या एका जातीचे, सुरकुतलेल्या कातडीचे बेडूकही अंडीं पाण्यावरच्या पानांवर व दगडांवर घालतात, आणि नर त्यांच्याजवळ राखण करतो. भर ओघांत अंडीं घातलीं तर तीं समुद्रापर्यंत जातील, हें त्यांच्या कुळाला ठाऊक आहे!

एका प्राण्यानें मात्र उलट मार्ग धरला आहे. ज्या उघड्या सड्याची आपण भीति सांगितली, त्यावरच्या जांभ्याच्या खळग्यांत उथळ पाणी सांचतें, आणि त्यांत आंबोलीचा भेक अंडीं घालतो. अंगावर पिवळे पट्टे असलेला हा लहान प्राणी शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं नवीन जात म्हणून नोंदला. जगांत तो या आंबोलीच्या भागाबाहेर आढळलेला नाहीं, आणि अत्यंत संकटांत असलेल्या प्राण्यांच्या यादींत त्याची गणना आहे. पहिल्या पावसाच्या दिवसांत रात्रीं रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींखालीं किती बेडूक चिरडतात हें पाहिलें म्हणजे ही यादी उगाच झालेली नाहीं असें वाटतें.

माशांचीही हीच वेळ. कोंकणांत ज्यांना चढणीचे मासे म्हणतात ते पहिल्या पुराबरोबर प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतात, तें अंडीं घालण्यासाठीं. अरुंद जागीं जाळें किंवा टोपली लावून त्यांना टोपल्या भरभरून धरण्याची चाल आहे. गरिबाच्या घरीं त्या दिवशीं कालवण होतें, त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु पोटांत अंडीं असलेले सर्वच मासे धरले तर पुढच्या वर्षीं ओढा रिकामा, हा हिशेबही त्याच घरास भोंवतो. निदान पहिले दोन-तीन पूर मोकळे सोडावे, आणि पाण्यांत विषारी औषध घालून मासे मारण्याचा अघोरी प्रकार तर कोणींच करूं नये.

असो. वर चढत गेलों म्हणजे पाण्याच्या आवाजांतून एक शीळ ऐकूं येते. रिकामटेकड्या पोरानें सुरांत न बसणारी शीळ घालीत जावें तशी. ती शीळ कस्तुराची होय. हा निळसर काळा पक्षी ओढ्याकांठच्या खडकांच्या कपारींत घरटें करतो, आणि इतर पक्षी भिजून गप्प बसतात तेव्हां हा भर पावसांत गातो.

हिरण्यकेशीच्या उगमापाशीं पाणी एका गुहेंतून बाहेर येतें. तेथें पार्वतीचें देऊळ असून समोर कुंड आहे. या कुंडांतल्या पाण्यांत एक लहानसा, तळाशीं दगडांच्या आश्रयानें राहणारा मासा सांपडला आणि २०२० सालीं तो नवीन जात म्हणून प्रसिद्ध झाला. त्याला या नदीचेंच नांव मिळालें : शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढें २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्या ठिकाणची २.११ हेक्टर जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. शतकानुशतकें लोक तेथें येत होते, त्या पाण्यांत हात घालीत होते, आणि तो मासा त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होता.

देवळाच्या आश्रयामुळें तें कुंड राखलें गेलें, हें आपण मोकळ्या मनानें मान्य करावें. परंतु सव्वादोन हेक्टरांहूनही लहान त्या जागेचा मासा केवळ तेवढ्याच जागेवर जगत नाहीं. गुहेंतून येणारें पाणी हें वरच्या डोंगरावर पडून जमिनींत मुरलेलें पाणी आहे. वरचा उतार उघडा पडला तर पावसाळ्यांत त्या कुंडांत गाळ येईल आणि उन्हाळ्यांत पाण्याची धार बारीक होईल. त्या माशाला जो उशीर हवा तोच खालच्या उतारावर उभ्या असलेल्या शिक्षकाला हवा, आणि तोच आजरें-गडहिंग्लजकडच्या शेतकऱ्याला मार्चांत पाण्याच्या रूपानें हवा.

हा पाठ पावसाळ्यांत अर्धाच होतो. ज्या दगडावर आज पाण्याची रेघ पाहिली त्यावर कोयत्याच्या टोंकानें खूण करून ठेवावी, आणि त्याच मुलांना घेऊन चैत्रांत पुन्हां तेथें जावें. रानांतल्या ओहोळांपैकीं किती अजून वाहत आहेत, आणि रस्त्याकडून व सड्याकडून येणारे किती वाहत आहेत, हें मुलांनीं स्वतः मोजावें व वहींत लिहून ठेवावें. वहीवर वर्ष घालण्यास विसरूं नये.